वऱ्हाडच्या कागदांत मोगलाई शोधताना: तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

आजपासून सुरू. तीन महिन्यांची रिसर्च रेसिडेन्सी, पण घरूनच. मायला सांगितलं तर म्हणे कुठं राहायला चाललास, म्हणलं कुठंच नाही, मधल्या खोलीत. "मग रेसिडेन्सी कशाची रं?" तिचा मुद्दा बरोबर आहे पण फॉर्मवर असंच लिहिलेलं होतं.

मामला असा. परदेशातल्या एका विद्यापीठाचं छोटं मानधन, दर गुरुवारी एक व्हिडिओ कॉल, आणि काम नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या डिजिटल संग्रहावर. ही लायब्ररी एडिनबराला, १९२५ पासून राष्ट्रीय ग्रंथालय, त्याआधी वकील मंडळींची लायब्ररी होती. २०१९ पासून त्यांनी डेटा फाउंड्री नावाची साईट काढलीय, तिथं जुनी छापील पुस्तकं नुसती वाचायला नाही तर अख्खा गठ्ठा उतरवून घ्यायला ठेवलाय. त्यातला 'अ मेडिकल हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया' हा माझा गठ्ठा. साधारण १८५० ते १९५० मधले सरकारी अहवाल, देवी, प्लेग, कुष्ठरोग, वेड्यांची इस्पितळं, जनावरांचे रोग, असं सगळं.

माझा विषय: देवीची टोचणी मराठवाड्यात कशी आली, १८६० ते १९००. हे मी अर्जात लिहिलं आणि त्यांनी मंजूर केलं. दोघांपैकी एकानंही नकाशा काढून बघितला नव्हता. ते पुढं येईलच.

मी हिंगोलीत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो, पीएचडी चालू आहे (चालूच आहे), कोडिंग यूट्यूबवर शिकलेलं. ही वही तसल्याच कुणासाठी.

९ ऑक्टोबर

पहिली चूक पहिल्याच कामात. डाउनलोडच्या पानावर दोन-तीन पर्याय असतात, सगळं म्हणजे पानांच्या इमेजसकट, किंवा नुसता मजकूर, किंवा थोडंसं सॅम्पल. मी हावरटासारखं 'सगळं' दाबलं. घरचं वायफाय नीट चालेना म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि वेळ कोणती तर दसऱ्याची, रामलीला मैदानावर प्रदर्शन भरलंय, अख्खा जिल्हा तिथं आलाय, टॉवरला श्वास घ्यायला जागा नाही. रात्रभर डाउनलोड चालू ठेवलं, पहाटे चारला तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. असं तीन रात्री.

१३ ऑक्टोबर

सॅम्पल उतरवलं. पाच मिनिटांत झालं. मग नुसत्या मजकुराचा गठ्ठा, तोही झाला. इमेज ज्या पानाची लागेल त्या पानाची साईटवर जाऊन बघायची, एवढं साधं होतं. तीन रात्री आणि ५९८ रुपयांचा जादा डेटा पाण्यात. १ टीबीची हार्ड डिस्क घेतली होती ४,९०० ला, ती आता लग्नाचे व्हिडिओ ठेवायला कामी येईल.

१५ ऑक्टोबर

मजकूर हातात, पायथन चालू, पहिला शोध. औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली, आजच्या स्पेलिंगनं. देवीच्या अहवालांत जवळपास शून्य. मला वाटलं कोड चुकला. कोड तपासला, पुन्हा चालवला, शून्य. मग शहाणपणा म्हणून 'अमरावती' टाकलं, तेही शून्य. म्हणजे स्पेलिंगचा घोळ. 'अमरावती'चं जुनं स्पेलिंग टाकलं, ए-एम-आर-ए-ओ-टी-आय, तर धो धो पाऊस. त्याच न्यायानं औरंगाबादचं जुनं टाकलं, तरी देवीच्या अहवालांत कोरडंच.

१७ ऑक्टोबर

आज गुरुवार, कॉल. विद्यापीठाकडनं कॉलवर असणाऱ्या मॅडमना विचारलं की आमचा भाग गेला कुठं. त्या म्हणल्या नकाशा दाखव. स्क्रीनवर नकाशा लावला आणि बोलता बोलता मलाच कळलं आणि कानशिलं गरम झाली.

संग्रहाचं नावच ब्रिटिश इंडिया आहे. मराठवाडा होता निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. इंग्रजांचा सॅनिटरी कमिशनर आपल्या गावात कशाला मोजायला येईल? शाळेत दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्याखाली उभं राहणारा माणूस मी, इतिहासाचा विद्यार्थी, आणि अर्जात 'मराठवाडा' लिहून बसलो. निजामाच्या राज्यातही टोचणारे होते, पण त्यांचं दप्तर वेगळं, भाषा वेगळी, ते एडिनबराला नाही.

वऱ्हाड मात्र आहे. १८५३ च्या तहात कंटिंजंट फौजेच्या (निजामाच्या पैशांवर, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली) खर्चापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवलं, म्हणून अहवालांवर नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. नावात हैदराबाद, कारभार इंग्रजांचा. मी पहिल्या दिवशी हे शीर्षक बघून खूष झालो होतो की वा, हैदराबादचं पण आहे. उघडलं तर अकोला, बुलढाणा, वाशीम.

त्याच तहात धाराशिव-नळदुर्गाचा भागही गेला होता, मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला कारभारी होता तेव्हा. पण १८६० ला तो भाग निजामाला परत दिला. म्हणजे मराठवाड्याचा एक तुकडा सात वर्षं इंग्रजी कारभारात होता आणि मला लागणारे देवीचे अहवाल सुरू व्हायच्या आत परत गेला. नशीब बघा.

मॅडम शांत होत्या. म्हणल्या प्रश्न बदल, रडू नकोस. (रडत नव्हतो, लाईट कमी होती.)

१८ ऑक्टोबर

प्रश्न बदलला. वाशीम आणि हिंगोलीच्या मधी पैनगंगा. नदीच्या वरच्या अंगाला वऱ्हाड, खालच्या अंगाला मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. आमची आजी वरच्या अंगाची, रिसोडकडची, दिली खालच्या अंगाला. म्हणजे आता काम असं: वाशीमच्या टोचणीचे तक्ते नीट उतरवायचे, आणि मोगलाईचं नाव कुठं कुठं निसटतं येतं ते वेचायचं. पहिलं काम कंटाळवाणं पण होण्यासारखं, दुसरं मजेचं पण भरवसा नसलेलं.

२१ ते २५ ऑक्टोबर

हा आठवडा स्पेलिंगमधे गेला. तो वाया गेला असं मी आधी लिहिलं होतं, आता खोडतोय, सगळ्यात कामाचा हाच निघाला.

वाशीम म्हणजे तेव्हाचं बी-ए-एस-आय-एम, बासिम. कधी दोन एस. आणि मशीननं स्कॅनवरनं अक्षरं वाचताना शेवटच्या एमचे आर आणि एन असे दोन तुकडे केलेले, जुन्या छपाईत एम आणि आर-एन सारखेच दिसतात, त्यामुळं बासिमचं 'बासिर्न' झालंय. जालन्याचं जे-ए-यू-एल-एन-ए. हिंगोलीला शेवटी डबल ई. नांदेडला डी नाही, आर, 'नांदेर'. बीडचं बी-एच-ई-ई-आर. आणि अंबाजोगाई तर अंबाजोगाई या नावानं सापडणारच नाही, मोमिनाबाद म्हणून शोधा.

मग मी हुशारी केली. म्हणलं एकेक स्पेलिंग कशाला, फझी मॅचिंग लावू, एक अक्षर चुकलं तरी पकड असं सांगू. लावलं. लातूर जवळपास प्रत्येक पानावर सापडलं! दोन मिनिटं हवेत होतो. मग बघितलं तर लातूर आणि 'लेटर', म्हणजे नंतर, यांच्यात एकाच अक्षराचा फरक. बीडचं तर विचारूच नका, बी-एच-ई-ई-आर पासून एका अक्षरावर 'शीअर' आहे, 'चीअर' आहे, आणि बीअर आहे. गोऱ्या पलटणींच्या आरोग्याच्या अहवालात बीअर कमी असते का. पानंच्या पानं बीड. नांदेडला म्हणलं दोन अक्षरांची सूट देऊ, तर इंग्रजीतलं प्रत्येक 'अंडर' येऊन बसलं.

उपाय जो टिकला तो असा: फझी बंद. हातानं स्पेलिंगची यादी, प्रत्येक गावाची चार-सहा रूपं, पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच धरायचं (वाक्याच्या सुरुवातीचं 'लेटर' तरी येतं, ते डोळ्यानं काढायचं), आणि आजूबाजूच्या वीस शब्दांत जिल्हा, छावणी, निजाम, कंटिंजंट असं काही असेल तर वर आणायचं. सगळ्यात चांगली स्पेलिंगं कुठं मिळतात तर जुन्या गॅझेटियरमधे, म्हणजे सरकारी माहितीपुस्तकांत. औरंगाबादचं १८८४ चं आहे, हैदराबाद संस्थानाचं इम्पिरियल गॅझेटियर १९०९ चं. ती चाळत बसा, कोड नंतर लिहा. मी उलटं केलं.

आणि हिंगोली सापडली! पण गाव म्हणून नाही, छावणी म्हणून. कंटिंजंटच्या पलटणी इथं, जालन्याला, औरंगाबादला, मोमिनाबादला होत्या, १९०३ ला ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली. आपल्याकडं अजून पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी मोहल्ल्यांची नावं आहेत, रोज भाजी आणायला जातो तिथं, कधी डोक्यात आलं नाही की एडिनबराच्या कपाटात आपलं गाव शिरलं असेल तर ते याच दारातनं. सैनिक आजारी पडला तर नोंद, पेन्शनपुऱ्याच्या पलीकडचा माणूस मेला तरी कागद कोरा.

३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. कॉल दुपारी साडेतीनचा. चकल्या सोडून, नवा शर्ट घालून साडेतीनला लॅपटॉपसमोर. कुणीच नाही. पावणेचार, चार, कुणीच नाही. मी मेल टाकला जरा फुगूनच, की आज आमच्याकडं सण आहे आणि मी थांबलोय. साडेचारला मॅडम हसत हजर. त्यांच्याकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात. आपण घड्याळ कधीच हलवत नाही, म्हणून साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. तो मेल परत घेता येत नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेला मामेभाऊ आलाय, पुण्यात आयटीत आहे. माझ्या खांद्यावरनं डोकावून म्हणे, "दादा, तू हे हातानं करायलास?" नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात रिसर्चर-इन-रेसिडेन्स घेतात तेव्हा सोबत त्यांचा प्रोग्रामर देतात असं वाचलं होतं. आपला प्रोग्रामर हा, परवा सकाळच्या ट्रॅव्हल्सनं परत जाणारा.

त्याच्या हातात दोन दिवस होते आणि त्यानं जे दाखवलं त्यावर पुढचा महिना निघाला. अडचण ही होती की तक्त्यांचा साधा मजकूर म्हणजे खिचडी. मशीन पान वाचताना रकान्यांची पर्वा करत नाही, जिल्ह्यांची नावं एकीकडं, आकडे दुसरीकडं, कुठला आकडा कुणाचा कळत नाही. पण त्याच संग्रहात आल्टो नावाच्या एक्सएमएल फाइली असतात, त्यात प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठं आहे, डावीकडनं किती, वरनं किती, हे लिहिलेलं असतं. मी त्या फाइली 'काहीतरी टेक्निकल' म्हणून डिलीट केल्या होत्या. पुन्हा उतरवल्या.

मग: वरनं अंतर जवळपास सारखं असलेले शब्द एका ओळीत घ्या, ओळीच्या आत डावीकडनं उजवीकडं लावा. झाला तक्ता. 'जवळपास' किती हे मात्र प्रत्येक अहवालाला वेगळं, कारण स्कॅन करताना पान थोडं तिरकं असलं की उजवीकडचा आकडा खालच्या ओळीत घसरतो. पान आधी सरळ करून घेणं हा खरा उपाय, आम्ही तो केला नाही, अंतर वाढवत कमी करत बसलो. आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडून हवा असेल तर आल्टोमधे पूर्ण शब्द वेगळा दिलेला असतो, आम्ही डॅश काढून चिकटवायचा कोड लिहिला, दोन तास, गरज नव्हती.

१३ नोव्हेंबर

वाशीम जिल्ह्यात 'डू' नावाचं गाव सापडलं. फार मोठं असावं, प्रत्येक तक्त्यात होतं, कधी कधी एका पानावर दहा वेळा. मी नकाशात शोधलं. गुगलवर शोधलं. वाशीमच्या मित्राला फोन केला, तो म्हणे असं गाव नाही बाप्पा, उठून गेलं असेल. उजाड गावांवर एक परिच्छेद लिहायला घेतला होता मी, खरंच.

डू म्हणजे डिट्टो. डी, ओ, टिंब. वरच्यासारखंच.

२० नोव्हेंबर

मतदान. कॉलेजात बूथ. काम नाही.

२२ नोव्हेंबर

खर्चाचा रकाना. टोचणीच्या अहवालात एक रकाना हमखास असतो, एका यशस्वी टोचणीमागं किती खर्च आला. तीन खणांत आकडे, रुपये, आणे, पै. माझ्या कोडनं '३ ४ ६' चं ३.४६ रुपये केलं. आठ दिवस तसेच आकडे घेऊन आलेख काढत होतो, आलेख छान दिसत होता.

आजी पलंगावर बसून वाटाणे सोलत होती, तिला वाचून दाखवलं, तीन रुपये चार आणे सहा पै. ती म्हणे, सव्वातीन आन् अर्धा आना. हात थांबला पण नाही तिचा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा, म्हणजे साडेचार भागिले सोळा, ३.२८. सगळे आलेख फेकले.

कोडमधे आता एक तपासणी टाकलीय, आण्याच्या खणात पंधरापेक्षा मोठा किंवा पैच्या खणात अकरापेक्षा मोठा आकडा दिसला तर ओरड. त्यामुळं मशीननं चुकीचे वाचलेले कितीतरी आकडे आपोआप उघडे पडले. तीनचा आठ आणि एकचा सात सगळ्यात जास्त.

२८ नोव्हेंबर

जी पानं फारच वाईट वाचली गेलीत ती टेसरॅक्ट नावाच्या, इमेजमधली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं पुन्हा वाचायची ठरवलं. फुकट आहे, आमच्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, फक्त ८ जीबी रॅम वाढवावी लागली, १,७५० रुपये. पीएसएम ६ ही सेटिंग तक्त्यांना बरी, ती पानाला एकच सलग ठोकळा समजते, रकान्यांत फोडत नाही. रात्री लावून झोपलो. अडीचला लाईट गेली, बॅटरी अर्ध्या तासात खलास, सकाळी बघतो तर हाती काही नाही, कारण मी सगळं शेवटी एकदम सेव्ह करणारा कोड लिहिला होता.

आता प्रत्येक पान झालं की लगेच फाइल. आणि सुरू करताना आधी बघायचं, हे पान झालंय का, झालं असेल तर सोड. चार ओळींचा कोड, आणि आपल्याकडं लाईटचा भरवसा काय आहे हे जन्मापासून माहीत असून आधी सुचला नाही.

फरक किती पडला तर, २० पानं हातानं ताडून बघितली, १२ मधे सुधारणा, ५ तशीच, ३ मधे टेसरॅक्टनं आणखी बिघडवलं. त्या ३ पानांना जुनंच ठेवलं.

५ डिसेंबर

एकाच दिवसात दोन फजित्या. पहिली, बेरीज बरोब्बर दुप्पट येत होती, कारण 'टोटल'ची ओळ पण मी जिल्हा म्हणून धरलेली. दुसरी, वयाचा रकाना '१-६' असा मी लिहिला, एक ते सहा वर्षं, आणि एक्सेलनं त्याची तारीख करून टाकली. फाइल मॅडमना गेली तेव्हा त्यांनी विचारलं की ही एक जूनला टोचलेली मुलं का वेगळी काढलीस.

रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. किंवा एक्सेलमधे उघडूच नका.

८ डिसेंबर

आजीचं बोलणं रेकॉर्ड केलं. मूळ योजनेत हे नव्हतं, पण तक्ते बघून बघून मला एक कळेना. लस टोचायचा मोसम हिवाळ्याचा, उन्हात लस टिकत नसे. आणि सुरुवातीच्या काळात एका पोराच्या दंडावरनं घेऊन दुसऱ्याच्या दंडावर, अशी माळ लावायचे, वासराची लस नंतर आली. आपल्या लेकराच्या दंडातनं काढू द्यायला आई तयार होत नसणार, उघड आहे. मग तक्त्यात शेकडा इतके यशस्वी म्हणतात ते कुणाचे?

आजी १९४० च्या आसपासची, म्हणजे माझ्या तक्त्यांच्या लई नंतरची. तिनं सांगितलं ते असं. देवी डॉक्टर आला की पोरं कणगीत. एका वर्षी तर तिला आणि तिच्या भावाला नदी ओलांडून आजोळी धाडून दिलं. "तिकडं मोगलाई व्हती, तिकडं इकडचा डाक्टर येत नसे. आठ रोज ऱ्हायलो, भाकरी खाल्ल्या, आलो." शेवटी टोचलंच, दंडावर दोन वण आहेत, दाखवले. आणि तिच्या धाकट्या बहिणीला देवी आल्या होत्या, तेव्हा दाराला लिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, कुणी जोरात बोलायचं नाही. बहीण गेली. मग ती गप्प झाली आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं.

एका आजीच्या सांगण्यावरनं १८७० चं काही ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण टोचणाऱ्याच्या वहीत जो सापडला तो, नदीपलीकडं भाकरी खाणारा कुठल्याच वहीत नाही, हे तक्त्याच्या खाली टीप म्हणून टाकलंय. मॅडम म्हणल्या ही टीप वर घे. अजून घेतली नाही, विचार करतोय.

१२ ते १६ डिसेंबर

भरकटलो. त्याच संग्रहात इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा १८९३-९४ चा अहवाल आहे, गांजा-भांगेची चौकशी, ११९३ साक्षीदार. वऱ्हाडच्या साक्षी आहेत म्हणून बघायला गेलो आणि पाच दिवस बाहेर आलोच नाही. डॉक्टर, मामलेदार, मिशनरी, जो तो आपापलं सांगतोय. देवीशी काडीचा संबंध नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, मी वेळेअभावी सोडलाय, मनापासून नाही.

२३ डिसेंबर

रिसाला बाजारातले आमच्या ओळखीचे चाचा, उर्दू शाळेतनं रिटायर झालेले. त्यांना सहज विचारलं की निजामाच्या दप्तरात टोचणीचं काही असेल तर कसं शोधायचं. ते हसले, म्हणले बेटा, पहले तारीख पढना सीखो. घरातनं वडिलांच्या नोकरीचा एक कागद आणला, त्यावर सन १३५२. मी म्हणलं हिजरी? म्हणले नहीं, फसली, म्हणजे महसुलाचं सन. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १९४२, आणि वर्ष ऑक्टोबरात बदलतं म्हणून १९४२-४३. पहिला महिना आजूर. मी इंग्रजी अहवालांचं एप्रिल-मार्चचं सरकारी वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष यांचा मेळ घालताना रडलो होतो, आता हे तिसरं.

म्हणजे जे मला ऑक्टोबरात हवं होतं ते हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारात, आणि उर्दूत, त्याच्याही आधीचं फारसीत. अर्ज करतानाच चाचांकडं चहाला गेलो असतो तर.

३० डिसेंबर

हिशोब. हार्ड डिस्क ४,९००, रॅम १,७५०, डेटा ५९८, झेरॉक्स-प्रिंट ३४०. एकूण ७,५८८ रुपये, त्यातली हार्ड डिस्क आणि डेटा दोन्ही टाळता आले असते. मानधनाचा शेवटचा हप्ता अजून यायचाय, बँकेनं परदेशातनं पैसे आले म्हणून कसला कसला फॉर्म भरून घेतला, त्यात दोन चकरा.

वेळ: चुकीच्या प्रश्नात दहा दिवस, डाउनलोडात पाच, 'डू' गावात दोन, गांजात पाच.

हाती काय: वाशीमचे तक्ते, पै-आण्यासकट तपासलेले, मधली काही वर्षं सोडून. मराठवाड्याच्या गावांच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगची यादी, मशीनच्या चुकांसकट. आजीचं ४१ मिनिटांचं रेकॉर्डिंग, ते तिला विचारल्याशिवाय कुठं टाकणार नाही. आणि अर्जात जे कबूल केलं होतं, मराठवाड्यातली टोचणी, त्यातलं फक्त छावण्यांपुरतं.

शेवटच्या अहवालात हे असंच लिहिलंय. आधी गोलगोल लिहिलं होतं की 'व्याप्ती पुनर्निर्धारित करण्यात आली'. खोडलं. "मी नकाशा बघितला नव्हता" असं लिहिलं.

२ जानेवारी २०२५

शेवटचा कॉल, साडेचारला, या वेळी बरोबर. स्पेलिंगची यादी मॅडमनी ठेवून घेतली, तिकडं आणखी कुणीतरी हैदराबादच्या छावण्यांवर काम करायलंय म्हणे, त्याला बीअरचा त्रास व्हायला नको. टीप वर घेतली का विचारलं. घेतली म्हणलं. काल रात्री घेतली.

तारनाक्याला जायचं तर परवानगीचा अर्ज, कॉलेजचं पत्र, आणि पूर्णेवरनं गाडी. पण त्याआधी वाचता यायला पाहिजे. चाचांकडं मंगळवारी पहिला तास, पाटी आणायला सांगितलंय, वही नको म्हणले, वहीत पोरं खोडत नाहीत.